ती भिंत सोडा

ये, अशी जवळ बस. वही हातभर लांब धरून वाचू नकोस, चष्मा काढ पिशवीतून. आणि आधी माझी बोलणी खाऊन घे, मग बाकीचं. उलव्याहून करंजाड्याला यायला तुला काय विमान लागतं का गं बाय? चौदाव्या मजल्यावर जाऊन बसलीस. ती लिफ्ट दिवसातून शंभरदा खाली येते, तिला कंटाळा नाही, तुला आहे. फोन केला की एकच ठरलेलं, "येते गो, आयतवारी येते." कुठला आयतवार ते काही सांगत नाहीस. तू वेळेवर आली असतीस तर मला हे लिहीत बसावं लागलं नसतं.

फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच तुझ्या गुडघ्यांचं काढतेस आणि मी घसरते. म्हणून वहीत लिहिते. माझी शाळा दोन इयत्तांची, ती तुला ठाऊक आहे, आपण दोघी एकाच बाकावरून पळालो. पुढचं सगळं मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकले. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस.

ही वही आणखी चार जणांनी वाचली तर वाचू दे. त्यांच्यासाठी सांगते, आम्ही दोघी एका आळीतल्या. खाडीकाठचं गाव, एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला भातशेती. विमानतळ करायचा म्हणून गाव उठला. बदल्यात प्लॉट मिळाले, ते चिठ्ठ्या काढून. त्याला सोडत म्हणतात. ज्याची चिठ्ठी जिथली निघाली, तो तिथे गेला. ज्यांच्या भिंतीला आमची भिंत लागलेली होती ते एका टोकाला गेले, आम्ही दुसऱ्या. मी करंजाड्याला आले, ही बया उलव्याला.

आमचे हे तीस वर्षं कळंबोलीच्या लोखंड बाजारातून ट्रक चालवत होते. नवं घर बांधून झालं, तळमजला आणि वर दोन. शेजारच्यांनी दारावर ग्रॅनाइटच्या पाट्या लावल्या, सोनेरी अक्षरात कुठल्या ना कुठल्या देवाची कृपा. ह्यांनी एक दिवस कळंबोलीहून काळ्या ऑइल पेंटचे दोन डबे आणि एक ब्रश आणला. तिथे ट्रकच्या मागे अक्षरं काढणारा एक पेंटर होता, त्याच्याकडून. मला म्हणाले, "डबा धर गो." आणि फाटकातून आत शिरल्यावर उजव्या हाताला जी भिंत लागते ना, तिच्यावर आपली आळी लिहायला बसले.

हो, आळी. दोन रांगा. डावी बाजू, उजवी बाजू, मधे विहीर म्हणून एक गोल, शेवटी देऊळ म्हणून एक त्रिकोण. आडनावं नाही लिहिली. म्हणाले, "आडनावा सगल्यांची तीच तीच. वलख लिवाची." मग काय, 'चिंचेखालची'. 'दोन दारांची'. 'मिठागरवाला'. 'बोंबलांच्या वलांडीजवळ'. 'ओट्यावर पलंग'. ट्रकवर असतात तशी अक्षरं, मोठी, उजवीकडे कललेली, प्रत्येक अक्षराला खाली सावली. दोन दिवस लागले. 'मिठागर'मधल्या ठ ला त्यांनी पोटात टिंब दिलं, तो ठ डोळे वटारल्यासारखा दिसायचा. सोळा घरं डावीकडे, पंधरा उजवीकडे.

आणि मग बघ कशी माणसं यायला लागली. लग्नाची पत्रिका द्यायला आलेला माणूस आधी भिंतीपाशी उभा राहायचा. बोट लावून आपलं घर शोधायचा. सापडलं की आत येऊन चहा प्यायचा. म्हातारी माणसं नातवंडांना उचलून दाखवायची, "ह्यो बघ, ह्यो आपला घर." पोरगं बघायचं अक्षराकडे आणि विचारायचं, "कुठेय घर?"

भांडणंही व्हायची. सगळ्यात मोठं भांडण कोणी केलं ते तू सांगतेस की मी सांगू? तूच. तुझं म्हणणं, तुझं घर 'दोन दारांची'च्या आधी. ह्यांनी लिहिलेलं, नंतर. तू कमरेवर हात ठेवून उभी, "भाऊजी, माझ्या घराचा मना म्हाईत नाय व्हय?" हे म्हणाले, "मी रोज रात्री ट्रक त्या आळीत शिरवायचो. तुझ्या ओट्याला टायर घासायचा तो दोन दारांच्या पुढे गेल्यावर." तू म्हणालीस, "टायरला काय डोले हायत?" आणि पदर खोचून चालती झालीस. पुढे ह्यांच्या दहाव्याला आलीस तेव्हा भिंतीकडे पाठ करून बसलीस. मी बघितलं होतं. बोलले नाही.

तर ती भिंत. आता तिचं काय झालं ते ऐक.

आमच्या चिरंजीवांच्या डोक्यात आलं की वरचे दोन मजले भाड्याने द्यायचे, ते सुद्धा विमान कंपनीत काम करणाऱ्या लोकांना. मी म्हटलं, वा. ज्याच्यापायी गाव उठला, त्याच्याच माणसांना आपल्या डोक्यावर बसवायचं. तो म्हणाला, "आये, तू प्रत्येक गोष्टीत गाव आणू नको. ती चांगली लोकं असतात. त्यांना स्टँडर्ड लागतं." आणि स्टँडर्डला अडथळा काय, तर आमच्या घराचं तोंड. पावसाळ्यानंतर स्लॅबच्या खालून काळे ओघळ उतरतात, कठड्याखाली शेवाळ धरतं, आणि रस्त्यावरून डंपर जातात त्यांची लाल धूळ त्याच्यावर बसते. हे कोणाच्या घराला नाही? समोरच्या टॉवरला आहे, मागच्या शाळेला आहे. पण आमच्या सुनेने फोनवर फोटो काढून बघितला आणि म्हणाली, "आई, आपलं घर फोटोत आजारी दिसतं."

आजारी! मग डॉक्टर आणा. तर खरंच मुलाने सकाळी सांगितलं, "उद्या प्रेशरवाले येणारेत." मला गेली आठ वर्षं प्रेशर आहे, गोळी चालू आहे. मला वाटलं, पोराला आईची काळजी आली. दुसऱ्या दिवशी मी सकाळची गोळी घेऊन, बाही वर करून, खुर्चीत बसले. दारात एक माणूस आला. निळा टी-शर्ट, छातीवर कंपनीचं चित्र, डोक्यावर काळा गॉगल, हातात टॅब. मी दंड पुढे केला. तो माझ्या दंडाकडे बघतो, मी त्याच्या टॅबकडे. सून आत जाऊन हसली, भांड्यांचा आवाज करून हसणं लपवलं. प्रेशर माझं नाही, भिंतीचं होतं. पाण्याच्या जोराने भिंती धुणाऱ्यांची कंपनी.

आता तू म्हणशील, धुवायला कंपनी? तेच मी म्हटलं. आपण अंगण सारवलं, भिंती पोतारल्या, कधी कोणाची सही घेतली होती का? हा माणूस पाहणी करायला आला होता. नुसती पाहणी, धुणं दुसऱ्या दिवशी. घराभोवती फिरला. प्रत्येक भिंतीला दोन बोटं लावायची, बोटं नाकाशी न्यायची, मान हलवायची. माझ्या वासरांना बघायला यायचा तो ढोरांचा डॉक्टर सुद्धा एवढी मान हलवायचा नाही, आणि त्याला निदान वासरू मरेल याचं वाईट वाटायचं. हा इंग्रजीत कसली कसली नावं घेत होता, बुरशीची असावीत. मग म्हणतो, "माताजी, ये बिल्डिंग सांस नहीं ले पा रही है."

मी म्हटलं, "बिल्डिंग नाही, घर आहे. आणि श्वास मी घेते, ते बास आहे."

"हां हां, घर. थोडा थोडा मराठी समजता है मुझे, माताजी."

थोडं थोडं. नवी मुंबईत बारा वर्षं झाली म्हणे. बारा वर्षांत थोडं थोडं.

मुलगा त्याच्या मागे मागे फिरत होता, जणू भिंतींची परीक्षा आहे आणि हा परीक्षक. तो 'हो सर, हो सर' करत होता. आपला मुलगा, गं. ज्याला मी चिखलातून ओढून शाळेत घातला. फाटकाशी आले तेव्हा मी मुद्दाम खुर्चीतून उठले. मुलाला फोन आला होता, तो बाजूला गेला. त्या माणसाने उजव्या भिंतीकडे बघितलं, आळीकडे. डोक्यावरचा गॉगल डोळ्यांवर घेतला. जसं काही उन्हासारखं डोळ्यांत जात होतं ते.

"ये कोई ॲडव्हर्टाइज है, माताजी?"

माझ्या तोंडावर बरंच आलं होतं. सांगावं त्याला की बाबा रे, हे एक गाव आहे. पण कशाला? जो माणूस भिंतीचा वास घेतो त्याला गाव कसला सांगायचा? मला त्याच्यावर एक शब्द जास्तीचा खर्चायचा नव्हता. मी बोट दाखवलं आणि म्हटलं, "ती भिंत सोडा."

तो थांबला. "सोडा?"

"हां. सोडा."

"पूरा वॉल?"

"सगळी. सगळी भिंत सोडा."

"ओके माताजी. सोडा." त्याने अंगठ्याने टॅबवर टकटक केलं. मान डोलावली. वर म्हणाला, "अच्छा आयडिया है."

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, चला, एवढं तरी मराठी ह्याला आलं. मी मनात हसले सुद्धा. बारा वर्षांत एक शब्द शिकला, तो नेमका माझ्या कामाचा.

दुसऱ्या दिवशी फौज आली. एक टेम्पो, त्यात मशीन. त्याच्या मागे पाण्याचा टँकर. बाय, आमच्याकडे नळाला पाणी किती वेळ येतं ते तुला ठाऊक आहे, बादल्या भरेपर्यंत जातं. त्या करंजाड्यात हे लोक टँकरभर पाणी भिंतीला पाजणार. शेजारीण गच्चीवरून बघत होती. तिचा चेहरा असा झाला होता की आम्ही दुधाने धुतोय. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

दोन माणसं उन्हात पिवळे रेनकोट घालून उतरली. पायात गमबूट. एकाच्या हातात लांब दांड्याची बंदूक. हो, तिला ते गनच म्हणतात. मशीन चालू झालं आणि जो आवाज सुटला! आपल्या ह्यांच्या जुन्या ट्रकचा सायलेन्सर फुटला होता तेव्हाही आवाज होता, पण तो काहीतरी ओढत होता. हा आवाज नुसता ओरडत होता. भिंतीवरून काळं पाणी खाली, तिथून अंगणात, तिथून माझ्या तुळशीच्या कुंडीत. टॅबवाला सावलीत खुर्ची घेऊन बसला, माझीच खुर्ची, आणि फोटो काढत होता. धुण्याआधी एक, धुतल्यावर एक. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, कस्टमरला फरक दिसायला पाहिजे. म्हणजे ज्याला नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही त्याच्यासाठी फोटो.

मी ओट्यावर बसून भिंतीवर लक्ष ठेवणार होते. तो विचार पक्का होता. पण सून आली, "आई, आत चला, अंगावर उडतंय." आत गेले तर स्वयंपाकघराच्या स्लायडिंग खिडकीच्या पट्टीतून पाणी आत. तांदळाच्या पिठाचा डबा उघडा होता, त्यात काळं पाणी. मग सुनेने वरून हाक मारली, वरच्या मजल्यावरही पाणी शिरलंय, नव्या गाद्यांवर. ज्या गाद्यांवर विमानवाले झोपणार, त्या. आम्ही दोघी वर फडकी घेऊन धावलो. मी पुसत होते आणि शिव्या घालत होते. सून म्हणाली, "आई, त्यांना ऐकू जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे, थोडं थोडं समजतं त्याला."

किती वेळ गेला कोण जाणे. मशीनचा आवाज बंद झाला. मी खाली आले.

उजवी भिंत पांढरी होती.

पांढरी म्हणजे आत्ताच बांधल्यासारखी. एक जण लांब दांड्याच्या ब्रशने शेवटचा फेस खाली ओढत होता. फेसाचा वास नाकात झोंबत होता. मला आधी कळेना मी कुठल्या बाजूला आले. मी डावीकडे बघितलं, परत उजवीकडे. चिंचेखालची नाही. दोन दारांची नाही. विहिरीचा गोल नाही. ठ नाही.

टॅबवाला खुर्चीतून उठला, हसत आला. "देखिए माताजी! सबसे मस्त यही वॉल निकला. आपने सोडा बोला था ना, तो स्पेशल सोडा लगाया. कॉस्टिक सोडा, डबल डोस. पेंट एकदम साफ."

समजलं ना बाय? मी म्हणाले सोडा, म्हणजे सोडून द्या, हात लावू नका. त्याने ऐकलं सोडा, म्हणजे तो धुण्याचा, रंग उतरवायचा. सगळ्या घराला नुसतं पाणी, आणि माझ्या भिंतीला मुद्दाम सोडा.

मुलगा धावत आला. भिंत बघितली आणि तोंड उघडं राहिलं. मग त्या माणसावर ओरडायला लागला. कालपर्यंत सर होता तो आज "ए" झाला. टॅबवाल्याने शांतपणे टॅब त्याच्या तोंडासमोर धरला. इंग्रजीत होतं, मुलाने वाचून दाखवलं, आवाज बारीक होत गेला: उजवी भिंत, सोडा, पूर्ण, ग्राहकाची विनंती. सुनेच्या तोंडून हसू फुटलं. खरंच फुटलं, तिचा इलाज नव्हता. मग तिने पदर तोंडावर धरला आणि पदराच्या आत ते हसू रडणं कधी झालं तिलाच कळलं नाही. मला तिचा राग नाही आला. त्या सगळ्यांत तेवढंच खरं होतं.

टॅबवाला म्हणतो, "टेन्शन मत लो माताजी. हम नया बोर्ड बना देंगे. एकदम स्टायलिश, एलईडी के साथ. आप बस लिस्ट दे दो."

लिस्ट दे दो. लिस्ट कुठे होती रे बाबा? मी त्याला म्हटलं, ह्या वेळी हिंदीत, नीट, एकेक शब्द तोडून, "लिस्ट तूने अभी नाली में बहा दी. जा, नाली से पूछ." त्याने मान हलवली. भिंतीला हलवायचा तशीच.

मग त्याच्या धुण्याआधीच्या फोटोत काही सापडतं का म्हणून मुलाने ते बघितले. शेवाळाचे फोटो. ओघळांचे फोटो. एकेका काळ्या डागाचा असा जवळून फोटो की माणूस आपल्या मुलाचाही काढत नाही. आळीचा एकही नाही. का, तर ती घाण नव्हती, आणि ह्याला घाणीशिवाय काही दिसतच नाही. आमच्या स्वतःच्या फोनांत तरी कुठे होता! नातवाच्या बारशाचे फोटो आहेत त्या भिंतीपुढे, सगळे लोक दाटीने उभे, एकाच्या कानाशेजारी 'पलंग' एवढंच दिसतं. म्हटलं, आम्ही तरी कोणते शहाणे.

आता त्या गनवाल्याचं सांगते. दोघांतला वयाने मोठा, केस पिकलेला. रेनकोट काढून घडी घालत होता, आणि एकदम मराठीत म्हणाला, "मावशी, मला वाटलंच हुतं. मी वाचल्या दोन वळी. चिंचेखालची, दोन दारांची. म्हनलं हे कायतरी घरचं दिसतंय."

टॅबवाल्याचं एक वेळ सोड, त्याला वाचूनही कळलं नसतं. ह्याला कळत होतं. ह्याने वाचलं आणि मग धुतलं.

"वाचलंस? आणि मग?"

"टॅबमधी तसंच हाय म्हनले साहेब. आमी इचारत न्हाई मावशी."

विचारत नाही. मला त्या क्षणी त्या टॅबवाल्यापेक्षा ह्याचा जास्त तिटकारा आला, अजूनही आहे, आणि तरी पुढे जे त्याने केलं ते मला सांगावं लागेल. त्याने अंगणातला तांब्या उचलला, बादलीतून भरला आणि भिंतीच्या वाळलेल्या कोपऱ्यावर पाणी फेकलं. "बगा," म्हणाला.

भिंत ओली झाली आणि ओल्या भिंतीत फिकट, राखाडी, पाण्याखालून वर यावं तसं एक अक्षर आलं. चिं. मग चे. मग खा. उन्हात दोन मिनिटांत भिंत वाळली आणि गेलं.

"ऑइल पेंट आत मुरलेला आसतो. वरचा गेला. मगाशी फेसाखाली दिसत न्हवता. भिंत वली झाली की दिसंल, वाळली की जाईल. रंग मारायच्या आधी ल्हिऊन घ्या."

त्याला मी चहा दिला. टॅबवाल्याने माझ्याकडे बघितलं, त्याला नाही दिला.

तेव्हापासून आमच्या घरी काय चाललंय ते बघायला तरी ये. मी, जिने टँकरवरून एवढी तोंडं वाकडी केली, ती मी रोज सकाळी नळाला पाणी आलं की पहिला तांब्या भिंतीवर मारते. सून वही घेऊन उभी राहते. मी पाणी मारते, ती वाचते, मी म्हणते, नाही, ते 'वलांडी' आहे, तुला वलांडी काय ठाऊक, तू पाकिटातले बोंबील खाणारी. ती म्हणते, मग सांगा ना. मग मी सांगते. बांबू बांधून बोंबील वाळत घालायचे त्याला वलांडी म्हणतात, आणि तिथून वारा फिरला की आख्ख्या आळीला कळायचं. एकेका घरापाशी दोन तांबे जास्त जातात, कारण ती विचारते, मी सांगत बसते, तोवर भिंत वाळते. शेजारीण गच्चीवरून बघते. परवा विचारलं तिने, "अजून स्वच्छ झाली नाही का भिंत?" मी म्हटलं, "नाही हो, रोज घासावी लागते."

अठ्ठावीस घरं उतरवून झाली. मुलगा म्हणाला, "आये, मी पेंटर बघतो, कळंबोलीचा, ट्रकवाला." दोन दिवस तोंड पाडून फिरत होता, त्यातून एवढं निघालं. भाडेकरू कधी येणार ते सध्या बोलत नाही. पण घराला रंग मारणारे ठरलेत. त्यांना मी थांबवलंय. फार दिवस थांबणार नाहीत ते. ओल्या गाद्या गच्चीवर वाळत आहेत, आणि रंगाऱ्यांना कधी बोलावू म्हणून मुलगा रोज माझ्याकडे बघतो.

तीन घरं राहिली आहेत. आणि तीच का राहावीत, तर त्या गनवाल्याची नळी तिथे जास्त वेळ थांबली म्हणून. प्लास्टरच उडालंय, आतली वाळू दिसते. पाणी मारून काही येत नाही. विहिरीच्या पुढची, डाव्या हाताची तीन. तुझी बाजू. त्यात एक 'दोन दारांची'. एक तुझं. आणि एक कोणाचं ते मला आठवत नाही गं. रोज त्या दारावरून पाण्याला गेले, आणि डोळे मिटले की तिथे नुसती उघडी जागा दिसते. 'दोन दारांची' आधी का तुझं आधी, ह्यात खरं कोणाचं, हेही आता मला सांगता येत नाही. ह्यांचं अक्षर गेलं, त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नाही. मी डबा धरला होता, पण मी डब्याकडे बघत होते.

मी मुलाला म्हटलं, त्या टॅबवाल्याला दोन शब्द जास्त सांगितले असते तर. तो म्हणाला, "आये, त्याला कळलं असतं का?" नसतं कळलं. पण मी सांगितलं नाही ते त्याला कळणार नाही म्हणून नाही. तो ऐकायच्या लायकीचा नाही म्हणून. आणि माझं लिहिलेलं तो वाचणार नाही, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही: तो नव्हताच लायकीचा. भिंत मात्र माझी गेली.

तेव्हा तू ये. पेंटरला मी तुझ्यासमोर उभा करते. तू म्हणशील तिथे तुझं घर लिहू, 'दोन दारांची'च्या आधी म्हणालीस तर आधी. ह्यांनी वर बसून कपाळाला हात लावला तरी आधी. फक्त बाजूला बारीक अक्षरात लिहीन की हे तू सांगितलंस. ते तिसरं घर कोणाचं, तेवढं वाटेत आठवत ये. चपला साध्या घाल, अंगणात अजून चिकट आहे. आणि आयतवारची वाट बघू नकोस, आमचं पाणी सकाळी येतं, कुठल्याही वारी येतं. ये लवकर, बाय. भिंत अजून ओली होते.